कोरियात दिवसा इंग्रजी शिकवायचं आणि रात्री बँडमध्ये वाजवायचं? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात सोलमधल्या तळघरातल्या क्लबांवर आणि तिथे गिटार खांद्याला लावून येणाऱ्या फॉरेनर इंग्रजी टीचरांवर अर्धं पान लिहिलं काय, पत्रांनी आणि व्हॉट्सअॅपवरच्या मेसेजांनी संपादकांचं डोकं खाल्लंय. अर्ध्या लोकांना तिकडे नोकरी हवीय, अर्ध्यांना तिकडचं म्युझिक, आणि बऱ्याच जणांना वाटतंय की दोन्ही एकाच तिकिटात मिळतं. आधीच सांगून टाकते, मी तिकडे टीचर नव्हते, शिकायला गेले होते, पण आमची गल्ली टीचर लोकांनी भरलेली होती आणि शनिवारची संध्याकाळ त्यांच्यासोबतच जायची, त्यामुळे जे बघितलं ते सांगतेय. पगाराचे आणि व्हिसाचे नियम बदलत राहतात, अर्ज करायच्या आधी मुंबईच्या कोरियन कॉन्सुलेटची वेबसाइट बघाच.

ताई, मी इंग्रजीत एम.ए., बी.एड. आहे, डिचोली तालुक्यात हायस्कूलला शिकवते. कोरियात इंग्रजी टीचरला राहायला खोली, विमानाचं तिकीट, चांगला पगार सगळं देतात असं ऐकलं. माझं शिक्षण पुरेसं आहे का? - एक शिक्षिका, डिचोली

शिक्षण पुरून उरेल गं, पण तुझ्या पत्रात डिग्रीबद्दल सगळं आहे आणि पासपोर्टबद्दल एक अक्षर नाही, आणि तिकडे पहिला प्रश्न पासपोर्टचाच असतो. इंग्रजी शिकवायचा जो व्हिसा आहे, ई-२ म्हणतात त्याला, तो सरसकट मिळतो सात देशांच्या नागरिकांना: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या सातांपैकी कुणी इतिहासात बी.ए. केलेलं असो की मार्केटिंगमध्ये, जन्मात कधी वर्गात उभं राहिलेलं नसो, पदवी आहे आणि पोलिसांचा दाखला स्वच्छ आहे म्हटल्यावर काम झालं. आणि तू बी.एड. करून, चाळीस-चाळीस पोरांचे वर्ग सांभाळून रांगेच्या बाहेर. राग येतो ना, मलाही येतो, पण नियम हा असा आहे.

आता आपल्यासाठी एक छोटंसं दार आहे. भारत आणि कोरियामध्ये सेपा नावाचा व्यापार करार झाला, १ जानेवारी २०१० पासून तो लागू आहे, आणि त्यात भारतीय माणसाला कोरियाच्या शाळांमध्ये सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून घेता येईल अशी तरतूद आहे, पदवी पाहिजे आणि इंग्रजी शिकवायची शिक्षक म्हणून अधिकृत पात्रता पाहिजे. तुझ्याकडे दोन्ही आहे. हे फक्त शाळांसाठी, खाजगी क्लासेससाठी नाही. पण कागदावर दार असणं वेगळं आणि कुणी ते उघडून आत बोलावणं वेगळं, कारण जाहिरात बघशील तर तिथे त्याच सात देशांची यादी लिहिलेली असते, सरकारी शाळांसाठी १९९५ पासून जी एपिक नावाची भरती चालते तिच्यातसुद्धा. म्हणून ही नोकरी मिळेलच असं धरून इथली सोडू नकोस. एजंट जर म्हणाला की 'मॅडम, दोन लाख द्या, हागवॉनमध्ये लावतो', तर उठून चालायला लाग. हागवॉन म्हणजे तिकडचे खाजगी क्लासेस, आणि भारतीय पासपोर्टवर तिथे ई-२ मिळत नाही, म्हणजे तो एकतर तुला फसवतोय किंवा बेकायदा कामाला लावतोय.

तुझ्या जागी मी असते तर कोरियन सरकारच्या ग्लोबल कोरिया स्कॉलरशिपकडे वळले असते. मास्टर्स किंवा पीएच.डी.साठी मिळते, आधी वर्षभर भाषा शिकवतात, राहण्याखाण्यापुरते पैसे देतात, आणि भारतीयांना ती उघडी आहे. भाषा आली की तिकडे राहण्याचे बाकीचे रस्ते सुटे होतात. पदवीचं आणि पणजीच्या पासपोर्ट ऑफिसातून मिळणाऱ्या पीसीसीचं, म्हणजे पोलिसांच्या दाखल्याचं, अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) करायला वेळ जातो, आणि शेवटच्या आठवड्यात धावपळ करणाऱ्यांचं तिथेच अडतं, तेव्हा ते मात्र आत्तापासून बघ.

पगाराचं विचारलंस, सुरुवातीला महिन्याला साधारण २० ते २७ लाख वॉन, म्हणजे आपले सव्वा ते पावणेदोन लाख. आकडा ऐकून हुरळू नको, सोलमध्ये सफरचंद विकत घेताना माणूस दोनदा विचार करतो.

माझ्याकडे आजोबांमुळे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. कळंगुटला सीझनमध्ये शॅकवर गिटार वाजवतो, इंग्रजी फर्स्टक्लास. युरोपियन म्हणून मला टीचरची नोकरी मिळेल ना? - एक वाचक, मडगाव

नाही मिळणार. वर सात देश लिहिलेत त्यात पोर्तुगाल नाही. युरोपियन असण्याशी त्यांना काही पडलेलं नाही, जर्मन आणि फ्रेंच माणसालासुद्धा इंग्रजी शिकवायला ई-२ मिळत नाही. गंमत बघ, लिस्बनला जन्मनोंद करून, भारताचं नागरिकत्व सोडून जो पासपोर्ट घेतला त्याने लंडनची वाट एकेकाळी सोपी केली, पण या एका नोकरीपुरता भारतीय पासपोर्टच बरा होता म्हणायची पाळी, निदान सेपाचं दार तरी होतं!

पण तुझा हात रिकामा नाही. पोर्तुगाल आणि कोरियात तरुणांसाठी वर्किंग हॉलिडेचा करार आहे, वर्षभर राहून मधेमधे किरकोळ कामं करायची सोय. कॅफेत काम कर, गावं फिर. मात्र त्या व्हिसावर भाषा शिकवायला बंदी आहे, आणि बारमध्ये पैसे घेऊन वाजवणंही त्यात बसत नाही, म्हणजे तुझी जी दोन कौशल्यं तीच दोन नेमकी बाहेर. फुकट वाजव, ओपन माइकला जा, ओळखी कर. आणि एक आगाऊ सल्ला, कळंगुटच्या सीझनमधल्या सवयी इथेच ठेवून जा. तिकडे गांजाला अजिबात माफी नाही, ई-२ वर येणाऱ्या टीचरांच्या मेडिकलमध्ये ड्रग्जची टेस्ट असते. कोरियन रॉकचा बाप म्हणतात तो शिन जुंग-ह्यॉन, १९५० च्या दशकात अमेरिकन सैन्याच्या तळांवर गिटार वाजवून मोठा झालेला माणूस, त्याला १९७५ मध्ये याच कारणावरून आत टाकलं आणि राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही मरेपर्यंत त्याच्या वाजवण्यावर बंदी राहिली. तेव्हापासून धोरण फारसं ढिलं झालेलं नाही.

माझी भाची कॅनडाची नागरिक आहे, तिला सोलजवळ एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी लागलीय. वहिनी रात्री झोपत नाही. मुलगी एकटी, खाणार काय, राहणार कशी, माणसं कशी आहेत, जरा सविस्तर लिहाल का? - एक मामा, फोंडा

मामा, वहिनींना आधी हे वाचून दाखवा: रात्री अकरा वाजता मुलगी एकटी मेट्रोने घरी येते, रस्त्यावर दुकानं उघडी असतात, कॅफेत टेबलावर लॅपटॉप ठेवून लोक बाथरूमला जातात आणि तो लॅपटॉप तिथेच असतो. त्या बाबतीत निर्धास्त राहा.

क्लासवाले खोली देतात. 'वनरूम' म्हणतात, आणि खरोखरच एक रूम असते. दार उघडलं की बूट काढायची चौकोनी जागा, लगेच दोन शेगड्यांचा ओटा, त्याच्याखाली वॉशिंग मशीन, पलीकडे गादी. दाराला किल्ली नसते, आकडे दाबायचे. बाथरूममध्ये शॉवरला वेगळी जागा नसते, बेसिनच्या नळावरच शॉवरचा पाइप, आंघोळ केली की टॉयलेट पेपरसकट सगळं ओलं, पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा रोल भिजतो. पण थंडीत जमीन गरम होते, खालून पाण्याचे पाइप फिरवलेले असतात, आणि जानेवारीत बाहेर उणे दहा असताना त्या गरम जमिनीवर पडून राहण्याइतकं सुख मला दुसरं आठवत नाही. कचऱ्याचं मात्र शिकून घ्यायला सांगा. ओला कचरा वेगळ्या पिशवीत, बाकीचा वेगळ्या, त्या पिशव्या महापालिकेच्या ठरलेल्या, दुकानातून विकत घ्यायच्या, दुसऱ्या पिशवीत टाकला तर घरमालकीण वर येऊन दार वाजवते.

खाणं: भात आहे, मासे आहेत, आपल्या माणसाला आणखी काय पाहिजे. भात आपल्या उकड्यासारखा सुटा नाही, चिकट, पण बांगडा मीठ लावून भाजलेला कुठल्याही साध्या खानावळीत मिळतो. भाची शिवराक, म्हणजे शाकाहारी, असली तर मात्र कठीण आहे, कारण किमचीतसुद्धा बहुतेक वेळा खारवलेली बारीक सुंगटं (कोळंबी) किंवा माशाचं पाणी घातलेलं असतं, बघून कळत नाही, आणि 'मांस नको' सांगितलं की ते मांस काढतात आणि सुंगटं तशीच ठेवतात. डाळी, मसाले, पीठ हवं असेल तर सोलच्या इतेवॉन भागात मशिदीच्या आसपासच्या गल्लीत दुकानं आहेत.

आता कामाचं. हागवॉनमध्ये मुलं शाळा सुटल्यावर येतात, म्हणून टीचरची पाळी दुपारी सुरू होऊन रात्री नऊ-दहापर्यंत. सोलमध्ये रात्री दहानंतर क्लास चालवायला बंदी आहे, हा नियम करावा लागला यावरून काय ते समजा. नऊ वर्षांचं पोरगं शाळा, मग गणित, मग पियानो, मग इंग्रजी असं करत रात्री आठ वाजता समोर येऊन बसतं आणि 'टीचर, टायर्ड' म्हणतं. माझ्या टीचर मैत्रिणींना पगारापेक्षा, घरच्या आठवणीपेक्षा जास्त त्रास याचा व्हायचा. तो सगळा अभ्यास शेवटी जाऊन थांबतो नोव्हेंबरातल्या सुनुंग या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेपाशी, त्या दिवशी इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना अर्ध्या तासाहून जास्त वेळ देशभर विमानं उतरत नाहीत की उडत नाहीत. आपल्याकडे बारावीच्या पेपराला शेजारचा लाउडस्पीकर बंद करत नाहीत.

आणि वहिनींना न सांगता तुम्ही एवढं लक्षात ठेवा. एक वर्ष पूर्ण केलं की कायद्याने साधारण एक महिन्याचा पगार जास्तीचा मिळतो, नोकरी सोडताना. म्हणून काही क्लासवाले अकराव्या महिन्यात काहीतरी खुसपट काढून टीचरला काढून टाकतात. माझ्या ओळखीच्या एका साउथ आफ्रिकन मुलीला असंच काढलं, कारण काय तर म्हणे 'पालकांना तुझं हसणं आवडत नाही', आणि खोली त्यांचीच असल्यामुळे नोकरीबरोबर घरही गेलं. ती रडत बसली नाही, लेबर ऑफिसात तक्रार केली. त्यांचा फोन १३५० आणि इमिग्रेशनचा १३४५, दुसऱ्यावर बऱ्याच भाषांत माणसं बोलतात. भाचीच्या फोनमध्ये दोन्ही सेव्ह करून द्या. करारात तास किती, पेन्शन आणि आरोग्य विमा क्लासवाला भरतो की नाही, हे तिला सही करायच्या आधी बघायला सांगा. आणि जाताना हातात दीड-दोन महिने पुरतील एवढे पैसे ठेवा, पहिला पगार महिना भरल्यावरच येतो.

के-पॉप सोडून तिकडे लाइव्ह म्युझिक आहे का हो? म्हणजे समोर उभं राहून, खरी वाद्यं वाजवणारं? ऑफिसच्या कामाने सोलला जाणार आहे, संध्याकाळी मोकळा असेन. - एक वाचक, वास्को

आहे का म्हणजे! या प्रश्नाची मी वाटच बघत होते.

मेट्रोच्या दोन नंबरच्या हिरव्या लाइनने होंगिक युनिव्हर्सिटी स्टेशनला उतरा, त्या भागाला सगळे होंगदे म्हणतात. वर रस्त्यावर पोरं स्पीकर लावून नाचत असतात, ते बघा पण तिथे थांबू नका, गल्लीत शिरा आणि खाली जाणारे जिने शोधा. चांगलं म्युझिक सगळं जमिनीखाली आहे. जिन्याच्या दोन्ही भिंतींवर पोस्टरवर पोस्टर चिकटवलेली, खाली एक पोरगी टेबल टाकून बसलेली, वीस-तीस हजार वॉन द्यायचे, ती मनगटाला कागदी पट्टा लावते, बऱ्याच ठिकाणी एक ड्रिंक त्यातच येतं. आत शंभर माणसं उभी राहिली की गच्च. एका रात्रीत तीन-चार बँड, प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास, ड्रमसेट आणि अॅम्प क्लबचाच, येणारा फक्त आपली गिटार आणि पेडल आणतो. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, सात म्हणजे सात. आपल्याकडे नऊचा प्रोग्राम साडेदहाला सुरू होतो आणि दहाला पोलिस बंद करायला येतात, म्हणजे सुरू व्हायच्या आधीच बंद. तिकडे दहा वाजता सगळं आटपून लोक बाहेर चिकन खात बसलेले असतात.

रोलिंग हॉल १९९५ पासून आहे, जरा मोठा. जॅझ ऐकायचं तर क्लब एव्हन्स. जेबी दाबांग नावाचं कॅफेवजा ठिकाण आहे, तिथे तळघरातला माणूस गातो आणि वरच्या मजल्यावरचे लोक जमिनीला पाडलेल्या भोकातून खाली वाकून बघतात. भाडी वाढली तसे बरेच जण होंगदे सोडून हाप्जॉंग, मांगवॉनकडे सरकलेत, काही तर मुल्लेला, जिथे दिवसा लोखंड कापायचे कारखाने चालतात आणि रात्री शटर पडली की त्याच गल्लीत गिटार ऐकू येते.

हे सगळं आयतं झालेलं नाही बरं. नव्वदच्या दशकात ड्रग नावाच्या एका क्लबात पंक पोरांनी सुरुवात केली, क्रायिंग नट हा बँड तिथलाच, पण साध्या हॉटेलच्या परवान्यावर बँडने लाइव्ह वाजवणं १९९९ पर्यंत कायद्यात बसतच नव्हतं, पोलिस यायचे, दंड व्हायचा. मग कायदा बदलला. मग २००५ च्या जुलैमध्ये टीव्हीवर लाइव्ह कार्यक्रम चालू असताना एका पंक बँडसोबत आलेल्या दोघांनी चक्क चड्ड्या उतरवल्या, कार्यक्रम कायमचा बंद पडला आणि कित्येक महिने होंगदेतल्या प्रत्येक बँडकडे लोक संशयाने बघत राहिले. दोन टाळक्यांनी सगळ्यांची वाट लावली. आणि आता पैशांची ओढाताण. देहांगनो भागातलं हाकजॉन हे छोटं थिएटर, गायक-गीतकार किम मिन-गीने १९९१ मध्ये काढलेलं, किम क्वांग-सॉक या लाडक्या लोकगायकाने तिथे उभं राहून १९९५ मध्ये आपला हजारावा कार्यक्रम पूर्ण केला, ते २०२४ च्या मार्चमध्ये बंद झालं, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये किम मिन-गी गेला.

आता टीचर लोकांचं. इतेवॉनच्या मागच्या टेकडीवर हेबांगछॉन म्हणून वस्ती आहे, चढ असा की पणजीत साओ टोमेहून आल्तिन्होला चढतोय वाटावं, तिथल्या बारमध्ये ओपन माइक चालतात आणि अर्धे गाणारे दुसऱ्या दिवशी 'ए फॉर अॅपल' शिकवणारे. त्यांचे बँड चांगले असतात, काही खरंच फार चांगले, पण टिकत नाहीत, कारण कॉन्ट्रॅक्ट एका वर्षाचं. सरकारी शाळांचे टीचर फेब्रुवारीच्या आणि ऑगस्टच्या शेवटी बदलतात, म्हणजे जुळून येईपर्यंत ड्रमरचं कॉन्ट्रॅक्ट संपतं आणि तो ओहायोला परत. चतुर्थीच्या माटोळीसारखं आहे ते, एवढ्या हौसेने बांधायची आणि पाच दिवसांत उतरवायची. त्यांचे निरोपाचे शो मात्र चुकवू नका, त्या रात्री सगळे जीव तोडून वाजवतात आणि शेवटच्या गाण्याला जुने विद्यार्थी आईबापांना घेऊन आलेले असतात.

टिकला तर कुठपर्यंत जातो त्याचं एकच उदाहरण सांगते. बस्कर बस्कर. छॉनान शहरातल्या दोन कोरियन पोरांबरोबर ब्रॅड नावाचा अमेरिकन ड्रम वाजवायचा, तो तिथल्या सांगम्यॉंग युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकवत होता. २०११ मध्ये सुपरस्टार के या टीव्ही स्पर्धेत त्यांचा दुसरा नंबर आला, पुढच्या वर्षी अल्बम निघाला, आणि त्यातलं चेरीच्या फुलांचं गाणं आजही दर वसंतात दुकानादुकानातून वाजतं. इंग्रजीच्या सरांना रस्त्यावर सह्या मागायला लागले लोक. असं सगळ्यांचं होत नाही, पण प्रत्येक टीचरच्या बँडमध्ये एकजण तरी हे उदाहरण देतोच.

दिवसा वेळ मिळाला तर जोंगनोतल्या नागवॉन आर्केडला जा. एक अख्खी इमारत, साठच्या दशकाच्या शेवटी बांधलेली, खालून चक्क रस्ता जातो, आणि वर मजलेच्या मजले नुसती वाद्यांची दुकानं. सॅक्सोफोनचं एक, व्हायोलिनचं दुसरं, एक म्हातारा फक्त जुने अॅम्प दुरुस्त करत बसलेला. गिटार हातात घेऊन वाजवून बघायला कुणी नाही म्हणत नाही. गोव्यात एक चांगली रीड हवी असली तर मुंबईला माणूस पाठवणाऱ्यांनी तिथे जाऊ नये, त्रास होतो.

आणि जर ट्रिप ऑगस्टमध्ये पडली तर इंचॉनचं पेंटापोर्ट गाठा, तीन दिवस रॉक. त्याच्या आधी १९९९ मध्ये ट्रायपोर्ट म्हणून केलं होतं, ते पावसाने असं झोडपलं की दुसरा दिवस रद्दच करावा लागला, मग थेट २००६ मध्ये पेंटापोर्ट नावाने पुन्हा उभं राहिलं. तिकडचं पब्लिक बघायला तरी जा. गाण्याच्या शब्दांबरोबर गिटारचे तुकडेसुद्धा हजारो लोक एकत्र तोंडाने म्हणतात, बाहेरून आलेला बँड वाजवायचं थांबून बघत राहतो. ऑक्टोबरमध्ये असाल तर गाप्यॉंगच्या जारासम बेटावर जॅझ, २००४ पासून चालू आहे, गवतावर चटई टाकून बसायचं, सोलहून ट्रेनने होतं.

नाट्यसंगीताला आणि भजनाला जागा नाही आणि कोरियाच्या पंक पोरांवर पान भरताय. त्या लोकांना मैफल म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का? - एक ज्येष्ठ वाचक, म्हार्दोळ

काका, रागावू नका, पुढच्या अंकात वास्कोच्या भजनी सप्ताहावर लेख येतोय. पण ठाऊक आहे का विचारलंत म्हणून सांगते. पान्सोरी नावाचा त्यांचा प्रकार आहे, एक गाणारा, एक ढोलवाला, बस्स. गाणारा हातात पंखा घेऊन उभ्या उभ्या अख्खी कथा गातो, सगळी पात्रं तोच, आणि एकेक कथा पूर्ण गायची तर तासन् तास लागतात, मोठ्या कथांना तर आठ तासांपर्यंत. युनेस्कोने २००३ मध्ये त्याला मान दिला. आणि ऐकणारे गप्प बसत नाहीत, जागा बरोबर आली की ढोलवाला आणि पब्लिक दोघंही 'ऑल्सिगू!' करून ओरडतात, न ओरडलं तर गाणाऱ्याला वाटतं लोकांना आवडलं नाही. तुम्ही पहिल्या रांगेत बसून 'वाहवा' करता तसंच ते. तुम्हाला तिथे अजिबात परकं वाटणार नाही. भाषा कळणार नाही, पण नाटकात नव्याने येणाऱ्या गवयांचे तरी शब्द कुठे कळतात आपल्याला!

मी घुमट आणि तबला वाजवतो, पेडण्यात आरती-भजनाचं पथक आहे. तिकडे टीचर म्हणून कुणी मित्र जमला तर त्याच्या बँडमध्ये वाजवून थोडे पैसे कमावता येतील का? - एक वाचक, पेडणे

वाजव, पैसे घेऊ नकोस. टूरिस्ट म्हणून गेलास तर कुठलंच कमाईचं काम चालत नाही, आणि तुझ्या त्या टीचर मित्रालाही चालत नाही. ई-२ ज्या शाळेच्या किंवा क्लासच्या नावावर आहे तिथेच कमवायचं, बाहेर शो करून पैसे घेतले आणि इमिग्रेशनने धरलं तर दंड होतो, प्रकरण वाढलं तर परत पाठवतात. म्हणून टीचरांचे बँड बहुतेक फुकट वाजवतात, क्लबवाला बिअर देतो, गेटचे पैसे कुठल्या तरी अनाथाश्रमाला जातात. पैसे घेऊन वाजवायचं तर कलाकारांचा ई-६ व्हिसा, तो तिकडच्या आयोजकाने आधी कागदपत्रं करून बोलावलं तर मिळतो. तुझं पथक असेल तर तो सरळ मार्ग आहे. होंगदेमध्ये २०१२ पासून जान्दारी फेस्टा भरतो, बाहेरच्या देशांतले बँड तिथे अर्ज करतात, आयोजक येऊन ऐकतात. फ्युजन काही बसवलं असेल तर व्हिडिओ चांगला करून पाठव, आरतीचा मोबाइलवर काढलेला नको, आवाज फाटतो.

आणि तिथे गेलास तर जांगू बघ, मध्ये बारीक कंबर आणि दोन्ही बाजूंना कातडं, एका बाजूला हाताने किंवा जाड काठीने, दुसरीकडे बांबूच्या पातळ काडीने वाजवतात. किम दॉक-सू आणि त्याच्या साथीदारांनी १९७८ मध्ये शेतातल्या मिरवणुकीचं वादन उचलून स्टेजवर आणलं, जांगू, बुक नावाचा ढोल आणि दोन काशाच्या झांजवजा घंटा, एक लहान एक मोठी, त्याला सामुलनोरी म्हणतात. तिकडची कित्येक शाळा-कॉलेजची पोरं क्लब करून शिकतात आणि बाहेरच्या माणसालाही बसवून घेतात. जांबिनाई नावाचा बँड तर पारंपरिक कोरियन वाद्यं घेऊन असला जोरकस रॉक वाजवतो की तुझ्या पथकाला चार कल्पना फुकट मिळतील.

घुमट नेताना मात्र बकऱ्याच्या कातड्याचंच ने. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं ते ठीक, पण आजोबांच्या वेळचं घोरपडीच्या कातड्याचं बॅगेत घातलंस तर मोपाच्या सिक्युरिटीवरूनच वनखात्याच्या ऑफिसात जाशील, आणि बँड तिकडे तुझी वाट बघत बसेल.